पाच रुपयांचं नाव

15 मार्च 1959 रोजी गिरगावात लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल 80 रुपये, तेही उसने. त्या दिवशी चार पाकिटं तयार झाली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विकायला दिली. पाटी नव्हती, पत्रक नव्हतं, मालाला नावसुद्धा नव्हतं. पावसाळा आला तेव्हा पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी एक खाट आणि एक शेगडी आणली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी, असा पावसावर तोडगा निघाला. पहिल्या वर्षाची सगळी विक्री होती 6,196 रुपये.

नाव मिळालं ते तीन वर्षांनी. 1962 साली नाव सुचवण्याची स्पर्धा लावली आणि बक्षीस ठेवलं पाच रुपये. धीराबेन रुपारेल यांनी सुचवलेलं 'लिज्जत' सगळ्यांना पटलं. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांचा बोलका ससा टीव्हीवरच्या जाहिरातीत पापड खाऊ लागला तो फार पुढं. तोवर हे नाव मुंबईच्या चाळीचाळींतून तोंडातोंडी फिरलेलं होतं आणि देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांनी या बायकांवर लेख लिहिले होते. लेखाला पैसे पडत नाहीत, पण छापण्याजोगं काहीतरी घडलेलं असावं लागतं.

या गोष्टीत जाहिरातीशी वरवर संबंध नसलेला एक प्रसंग आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्त, जरा उणा. त्यांना वाट दाखवणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी सांगितलं की उणा माल करूच नका, एकच प्रत ठेवा. जिच्याकडे जाहिरातीला पैसा नाही तिचं नाव गिऱ्हाइकाच्या तोंडून फिरणार. ते तोंड आज चांगलं आणि उद्या बरं-वाईट बोलू लागलं तर फिरणारं नावच आडवं येतं. म्हणजे जाहिरातीचा खर्च वाचला नव्हता, तो उडदाच्या डाळीच्या खात्यावर पडला होता.

कमी पैशात जाहिरात कशी करावी हे सांगणाऱ्यांची आज कमी नाही. मोबाईल उघडला की दहा युक्त्या, वीस क्लृप्त्या पुढ्यात येतात. त्यातल्या बऱ्याचशा खऱ्याही आहेत. पैसा लागत नाही म्हणजे दुसरं काय लागतं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. कधी वेळ लागतो, कधी चिकाटी, कधी चारचौघांत तोंड उघडण्याची तयारी. लहान धंदेवाले बहुतेक वेळा अडतात ते इथंच.

दसऱ्याच्या सुमारास कुठल्याही सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप उघडून पाहावा. भाजणीची चकली, साजूक तुपातले बेसन लाडू, अनारसे, चिवडा, आणि खाली किलोचे दर. एकाच दिवशी चार घरांतून चार दरपत्रकं येतात आणि त्यांतल्या दोघींनी फोटो इंटरनेटवरून उचललेला असतो, तोही एकच. ज्या बाईने आपल्याच ओट्यावरच्या परातीचा जरा अंधारा, पण खरा फोटो टाकलेला असतो तिच्याकडे आधी विचारणा होते. कारण उघड आहे. गिऱ्हाईक चकली फोटोवरून घेत नाही, 'ही त्या बी विंगमधल्या काकूंची चकली' म्हणून घेतं. फोटोतली परात काकूंची वाटली पाहिजे.

व्हॉट्सअॅपने 2018च्या जानेवारीत छोट्या धंद्यांसाठी वेगळं फुकट अॅप काढलं. त्यात दुकानाचा पत्ता, वेळा, मालाची यादी दरांसह लावता येते, 'नवीन ऑर्डर', 'पैसे बाकी' अशा चिठ्ठ्या गिऱ्हाइकांच्या नावांना चिकटवता येतात. उधारीच्या वहीची सवय असलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. पण त्यातली एक खोच पुष्कळांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांना एकदम निरोप धाडता येतो खरा, पण तो पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे त्यांनाच. बाकीच्यांच्या बाबतीत निरोप जातो आणि कुठंच पोचत नाही. म्हणजे खरं काम निरोप लिहिण्याचं नाही, नंबर साठवून घेण्याचं आहे. ते काम समोरासमोर, पिशवी हातात देताना होतं: "काकू, नंबर सेव्ह करून ठेवा, ताज्या शेवया आल्या की कळवते." एवढं वाक्य म्हणायला ज्यांची जीभ रेटत नाही त्यांच्या याद्या वर्षानुवर्षं मुक्या राहतात.

आणि रोज सकाळी फुलांच्या चित्रासह 'शुभ प्रभात' पाठवणाऱ्यांच्याही मुक्याच राहतात, पण वेगळ्या कारणानं. त्यांना लोकांनी गप्प करून ठेवलेलं असतं.

दुसरी फुकटची जागा म्हणजे गूगलच्या नकाशावरची. पंक्चर काढणारा, डिंकाचे लाडू विकणारी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, कोणीही तिथं आपली नोंद विनामूल्य करू शकतो. फोनवरून किंवा जागेचा व्हिडिओ दाखवून ती नोंद आपली असल्याची खातरजमा करून द्यावी लागते. 'तुमचं दुकान गूगलवर वर आणून देतो, इतके हजार भरा' असे फोन येतात तेव्हा नोंद स्वतः फुकट असते एवढं तरी ठाऊक असावं. बाकी काम किरकोळ, पण चिकट आहे. वेळा बरोबर लिहिणे, गणपतीत दुकान बंद असेल तर तसं टाकणे, दर्शनी भागाचा फोटो लावणे. 'उघडं आहे' असं वाचून भर उन्हात आलेल्या माणसाला कुलूप दिसलं की तो दुसऱ्यांदा येत नाही, आणि घरी जाऊन चार ओळी लिहायला मात्र त्याच्याकडे वेळ असतो.

त्या चार ओळींची आता मोठी बाजारपेठ झाली आहे. ओळखीपाळखीच्यांकडून पाच-पाच चांदण्या घेणं, पैसे देऊन कौतुक लिहवून घेणं सर्रास चालतं. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022 साली आयएस 19000 हे मानक काढलं ते या खोट्या अभिप्रायांवर काही लगाम बसावा म्हणून. गूगलच्या नियमांतही पैसे किंवा सवलत देऊन अभिप्राय घेणं बसत नाही. पण कायद्यापेक्षा वाचणारा हुशार असतो. 'उत्तम सेवा, नम्र कर्मचारी' अशा सारख्या शब्दांच्या वीस ओळी एका आठवड्यात आलेल्या दिसल्या की त्याला कळायचं ते कळतं. उलट 'दळण बारीक देतात, पण गुरुवारी वीज जाते तेव्हा जाऊ नका' असं कोणी लिहिलं तर त्या गिरणीवर विश्वास बसतो. वाईट अभिप्रायाखाली दुकानदाराने शांतपणे दिलेलं उत्तर दहा कौतुकांहून जास्त वाचलं जातं. अर्थात शांतपणे. काही शहरांत हे जमणं अवघड.

पुण्याचा विषय निघालाच आहे. प्रसिद्धीवर पैसा न घालता नाव कसं व्हावं याचा धडा शोधायचा तर तो बाजीराव रस्त्यावर सापडतो. चितळे बंधूंचं दुकान 1950 सालचं. दुपारी एक ते चार बंद असायचं. ही वेळ काही जाहिरातीची युक्ती म्हणून कोणी ठरवली नव्हती, विश्रांतीची साधी गोष्ट होती. पण तिच्यावर इतके विनोद झाले, इतक्या एकपात्री प्रयोगांत आणि गप्पांत ती आली, की बाकरवडी न खाल्लेल्या माणसालाही चितळे दुपारी बंद असतात हे माहीत झालं. 2017 साली त्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायचं ठरवलं तर ती बातमी झाली. एखादं दुकान दुपारी उघडं आहे ही बातमी होते, याहून स्वस्त प्रसिद्धी कोणती?

पण याची नक्कल करता येत नाही. माल रांग लावून घेण्यासारखा असेल तर दुपारची झोप कौतुकाची होते, नाहीतर ती नुसती झोप. 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीचंही तसंच. पहिल्यांदा ज्याने ती लावली त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं: नावाचा गैरफायदा घेणारे आजूबाजूला आहेत, फसू नका. पुढं ज्यांच्या दुकानाची शाखा काढावी असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं त्यांनीही ती लावली. गिऱ्हाईक हसलं आणि पुढं गेलं.

पाटी ही खरं तर प्रत्येक दुकानाची पहिली आणि आधीच पैसे देऊन झालेली जाहिरात. ती नीट वाचता येते का, हे मालकाने रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाहिलेलं असतं का? बहुधा नाही. मराठी पाट्यांचा वाद न्यायालयात गेला, कायद्यात 2022 साली दुरुस्ती झाली आणि 25 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना देवनागरी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. दसरा-दिवाळी तोंडावर होती. वकिलावर खर्च करण्यापेक्षा पाटीवर करा, अशा आशयाची कानउघाडणीही तेव्हा झाली. धंद्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ती फुकटची सल्लामसलत होती. भाजी घ्यायला आलेल्या आजींना जी अक्षरं वाचता येतात त्या अक्षरांत नाव लिहिण्यासाठी कायदा लागावा, हे काही व्यापारी बुद्धीचं लक्षण नव्हे.

आता जरा मागं जाऊ. दादासाहेब फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो, पण 1912 साली ते एक कर्जबाजारी लघुउद्योजक होते आणि त्यांच्यापुढचा प्रश्न आजच्या कुठल्याही नव्या धंदेवाल्याचाच होता: जे लोकांनी कधी पाहिलेलं नाही त्याला पैसे कोण देईल? त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला. रोज थोडी थोडी चित्रं घेत महिन्याहून जास्त दिवस कॅमेरा त्या कुंडीसमोर ठेवला आणि मिनिटभराच्या फिल्ममध्ये रोप बीतून वर येऊन वाढताना दाखवलं. 'अंकुराची वाढ' हे त्याचं नाव. ती निवडक मंडळींना दाखवल्यावर कर्ज द्यायला माणूस पुढं आला. धंद्याची माहिती देणारं पत्रक छापून हे झालं नसतं. हातगाडीवरचा पेरूवाला फोड कापून तिखट-मीठ लावून हातात ठेवतो, त्याच जातीची ही युक्ती.

3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. पण खरी मजा सुरतेला झाली. तिथले प्रेक्षक दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणारे. फाळक्यांचा खेळ दीडेक तासाचा आणि तिकीट तीन आणे. पहिल्या दिवसाचा गल्ला तीन रुपये झाला, असं सांगतात. फाळक्यांनी तिकीट उतरवलं नाही. त्यांनी जाहिरातीचा मजकूर बदलला: सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं अवघ्या तीन आण्यांत. गल्ला तीनशेवर गेला. गिऱ्हाईक वेळ मापून पैसे देणारं आहे हे ओळखून त्यांनी त्याच्या हाती दुसरं माप दिलं.

हिशेबाची आवड असलेल्यांसाठी इथं एक गंमत आहे. चित्रपट 3,700 फुटांचा, एका फुटात 16 चित्रं, म्हणजे साधारण 59,000. सत्तावन्न हजाराचा आकडा अगदी प्रामाणिक. पण 3,700 फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. दोन मैल कुठून आले ते फाळक्यांनाच ठाऊक. आजच्या जाहिरात मानक परिषदेपुढं त्यांना खुलासा करावा लागला असता.

फाळक्यांच्या पुढच्याच दशकात महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग झाला, आणि आज ज्याला मोठमोठी इंग्रजी नावं देऊन शिकवलं जातं त्याचा तो वस्तुपाठ म्हणावा लागेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर शेतकऱ्यांना नको होता. लोखंडानं जमिनीला विष चढतं अशी समजूत होती. नुसता 'आमचा नांगर उत्तम' असा घोष करून ती समजूत जाणारी नव्हती. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक सुरू केलं. कारखान्याची, मालाची माहिती गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळवावी एवढाच मूळ हेतू. पण शंकररावांना लवकरच उमगलं की नुसत्या नांगराबद्दल दर महिन्याला कोणी वाचणार नाही. मग त्यात उद्योगाच्या, प्रवासाच्या, समाजसुधारणेच्या गोष्टी आल्या, पुढं कथा आल्या, चित्रं आली. 'खबर' हा शब्द गळून 'किर्लोस्कर' मासिक उरलं, जोडीला 1930 साली 'स्त्री' आणि 1934 साली 'मनोहर' निघालं. नांगराच्या जाहिरातीतून मराठीतलं एक अख्खं मासिकघराणं उभं राहिलं. ज्या घरात 'किर्लोस्कर' वाचलं जाई त्या घराला या नावाबद्दल आपुलकी वाटे, मग मोटेच्या जागी पंप घ्यायची वेळ आली की दुसरं नाव सुचायला जरा कष्ट पडत.

आज वेल्हे-मुळशीकडे इंद्रायणी तांदूळ पिकवणारा शेतकरी लावणीचा, पक्ष्यांचा, भात झोडण्याचा छोटा व्हिडिओ करतो तेव्हा तो नकळत शंकररावांच्याच वाटेनं चाललेला असतो. फक्त एक फरक. शंकररावांनी मासिक वर्षानुवर्षं, दर महिन्याला, वेळेवर काढलं. यूट्यूबवर असे असंख्य मळे दिसतात ज्यांचा शेवटचा व्हिडिओ दोन वर्षांपूर्वीचा असतो आणि त्यात मालक सांगत असतो की इथून पुढं दर रविवारी भेटू.

लिहिण्याऐवजी दार वाजवणारेही होते. केशव विष्णू पेंढरकर नागपुरातलं किराणा दुकान सोडून मुंबईला आले आणि 1952 साली परळच्या घरातल्या स्वयंपाकघरात त्यांनी दंतमंजनाचा धंदा सुरू केला. ते आणि त्यांची मुलं दारोदार जाऊन ते विकत. त्यांच्या मालाचं 'विको' हे नाव टीव्हीवरून घरोघरी पोचलं ते नंतर. दार वाजवण्याला पैसे लागत नाहीत. अंगाची कातडी जाड असावी लागते, आणि दार लावून घेतलं गेलं तरी पुढच्या दाराशी चेहरा हसरा ठेवावा लागतो. सोसायट्यांच्या फाटकावर 'फेरीवाले व विक्रेते यांना सक्त मनाई' लागल्यापासून हा मार्ग अरुंद झाला आहे. म्हणून मग एखाद्या ओळखीच्या रहिवाशाच्या मदतीने रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात टेबल मांडायचं, असा नवा रिवाज पडतो आहे.

छापील गोष्टी संपल्या, असं म्हणण्याची फॅशन आहे. तसं म्हणणाऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे एकदा पाहावं. 1973 साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि मराठी घरात दिनदर्शिकेची एक कायमची खुंटी ठोकली गेली. त्याच खुंटीच्या आसपास गल्लीतल्या वाण्याची, सराफाची, औषधवाल्याची दिनदर्शिका लटकते. तिच्यावर दुधाचे खाडे मांडले जातात, सिलिंडर कधी लावला ते लिहिलं जातं, कामवाल्या मावशींची रजा टिपली जाते. 365 दिवस, दिवसातून चारदा दुकानाचं नाव डोळ्यांपुढं येतं. एवढ्या वेळा फेसबुकवर दिसायचं तर केवढ्याला पडेल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. अट एकच, तिच्यावरचे आकडे मोठे हवेत आणि तिथी हवी. जे दुकानदार हौसेनं देवाचा नाहीतर स्वतःचा फोटो पाऊण पान लावून तारखा मुंगीएवढ्या करतात त्यांची दिनदर्शिका जानेवारीतच कपाटाच्या फळीवर अंथरली जाते.

कापडी पिशवीचं गणितही तसंच. महाराष्ट्रात 2018 साली प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा दुकानदारांनी डोक्याला हात लावला. काहींनी मात्र मांजरपाटाच्या पिशव्या शिवून घेतल्या, एका बाजूला नाव छापलं आणि ठरावीक रकमेच्या खरेदीवर त्या देऊ लागले. प्लॅस्टिकची पिशवी एका फेरीत कचऱ्यात जायची. चांगली शिवलेली कापडी पिशवी दोन वर्षं मंडईत फिरते, लोकलच्या रॅकवर बसते, मुलांच्या डब्यासाठी शाळेत जाते. शिलाई बचत गटाकडून करून घेतली तर तिथल्या दहा घरांतही नाव पोचतं.

हँडबिलांबद्दल जरा सांभाळून बोलावं लागेल. पेपरात घालून पत्रकं वाटणं अजून चालतं, पेपर टाकणारी मुलं पहाटे चार वाजता पदपथावर बसून ती सरकवत असतात. पण पत्रक वाटणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना त्यातून किती गिऱ्हाइकं आली हे सांगता येत नाही, कारण त्यांनी मोजलेलंच नसतं. मोजणं सोपं आहे. समजा हजार पत्रकांसाठी छपाई आणि वाटणावळ मिळून दोन हजार रुपये गेले. पत्रकाच्या कोपऱ्यावर 'हा तुकडा आणा, पाव किलो शेव मोफत' असं छापलं आणि पंधरा तुकडे परत आले, तर एक गिऱ्हाईक साधारण 133 रुपयांना आणि पाव किलो शेवेला पडलं. ते पुन्हा येणार असेल तर स्वस्त, एकदाच येणार असेल तर महाग. दोन वसाहतींत दोन रंगांची पत्रकं वाटली तर कुठली वसाहत आपली, तेही कळतं. ज्याच्या टेबलाला गल्ला आहे त्याला एवढी वही ठेवणं जड नाही, पण ही वही भल्याभल्यांकडे नसते.

चौकातला फ्लेक्स ही मात्र स्वस्ताई नव्हे. परवानगीवाचून भिंती, खांब, झाडं विद्रूप करण्याविरुद्ध 1995चा राज्याचा कायदा आहे, त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या गर्दीत आपलाही एक लावला तर कोण बघतं, असा दुकानदाराचा हिशेब असतो. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य फलक कोसळून 17 माणसं गेली. त्यानंतर तरी रस्त्यावरच्या प्रत्येक फलकाखालून जाणारा माणूस वर बघतो, आणि त्याच्या मनात येतं ते फलकावरच्या नावाला शोभणारं नसतं.

गिऱ्हाइकाच्या हातात माल ठेवण्याची उत्तम जागा अजूनही प्रदर्शन आणि जत्रा. मुंबईत बचत गटांचं 'महालक्ष्मी सरस' भरतं, पुण्यात भीमथडी जत्रा. मांडे, ठेचा, हुलग्याचं पिठलं, घोंगड्या, गोधड्या. ज्यांचा स्टॉल चालतो त्यांच्याकडे थोडं थांबून पाहिलं की तेवढ्या दिवसांची विक्री हा त्यांचा खरा उद्देश नसतो असं दिसतं. चमच्यावर चटणी देताना त्या बायका विचारतात, "कुठून आलात ताई?" आणि नंबर वहीत लिहून घेतात. मार्च-एप्रिलमध्ये कुरडया-सांडग्यांचा हंगाम आला की ती वही उघडते. शेजारच्याच स्टॉलवर तितकीच चांगली चटणी असते, पण विकणारी मोबाईलमध्ये मान घालून बसलेली असते.

आंबेवाल्यांनी ही वाट फार आधी ओळखली. पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात कोकणातला बागायतदार दलालाशिवाय पेटी विकतो, आणि पेटीत आपल्या बागेचं नाव-नंबर छापलेली चिठ्ठी घालतो. ती चिठ्ठी म्हणजे पुढच्या मोसमाची मागणी. ऑक्टोबर 2018 मध्ये कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद केलेल्या बागायतदाराला पेटीवर ते चिन्ह लावता येतं. कर्नाटकी आंबा 'देवगड' म्हणून विकणाऱ्या गाडीशेजारी उभं राहायचं तर या चिन्हाला अर्थ आहे. लावणारे अजून थोडे आहेत.

कधी कधी मात्र प्रसिद्धी परस्पर, दुसऱ्याच्या खर्चाने चालून येते. दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ 2015 साली लंडनच्या एका खाद्यपुरस्कारात जगातला सर्वात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली आणि शिवसेना भवनासमोरची रांग लांबली. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने पुरुषांच्या पायांत चपला घातल्या, त्या पाहून कोल्हापुरात एकच गहजब झाला, कारण त्या कोल्हापुरीच दिसत होत्या आणि नाव मात्र नुसतं 'चामडी सँडल' होतं. कोल्हापुरी चपलेला 2019 पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचं मिळून. ओरड वाढल्यावर प्राडाने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून या चपलांमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं.

रागावण्यासारखं त्यात होतंच. पण त्या काही आठवड्यांत जगभरच्या वर्तमानपत्रांनी 'कोल्हापुरी' हा शब्द फुकट छापला. ज्यांचं नाव आधीपासून नकाशावर होतं, ज्यांच्या फोनमध्ये मालाची यादी दरांसह तयार होती, बाहेरगावी पाठवण्याची सोय ज्यांनी लावून ठेवली होती, त्यांच्यापर्यंत या बोभाट्याचं पाणी पोचण्याची शक्यता होती. चपला करणारा कारागीर मात्र बहुधा या यादीत नसतो. तो कातडं कमावतो, पट्टा वळतो, कान शिवतो आणि जोड व्यापाऱ्याला देतो. चपलेवर त्याचं नाव नसतं. पाच रुपयांची का होईना, नावाची स्पर्धा त्याच्या गल्लीत कोणी अजून लावलेली नाही.

राहिली दिवाळी अंकांची गोष्ट. 1909 साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून दिवाळी अंक आणि छोट्या जाहिराती यांचा संसार एकत्रच चालला आहे. पाव पानाच्या 'शुभेच्छांसह'मधला निम्मा भाग जाहिरातीचा आणि निम्मा भिडेचा असतो, संपादक शाळासोबती असतो, त्याला नाही कसं म्हणायचं. तरी ही पानं अगदीच वाया जात नाहीत. अंक घरात महिनाभर लोळतो, मग वाचनालयाच्या फिरत्या पेटीतून पन्नास घरं पाहतो, शेवटी एखाद्या दंतवैद्याच्या बाकड्यावर कव्हर गेलेल्या अवस्थेत दोन-चार वर्षं काढतो. जुन्या वाचनालयात चाळीस वर्षांपूर्वीचा अंक काढला तर कथांची पानं पिवळी पडलेली दिसतात आणि मध्येच चिवड्याची, वह्या-पुस्तकांची, लाकडी पाटांची जाहिरात येते. खाली सहा आकडी फोन नंबर असतो, तो आता लागत नाही. पत्ता मात्र असा असतो: मारुतीच्या देवळासमोर, पाण्याच्या टाकीजवळ.